'द साँग ऑफ बर्नाडेट' (१९४३) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधल्या लूर्द गावात १८५८ साली एका चौदा वर्षांच्या गरीब मुलीला गुहेत एक बाई दिसली. पुढच्या पाच महिन्यांत ती अठरा वेळा दिसली आणि गावाचं नशीब पालटलं. या घटनेवर हॉलिवूडने काढलेला हा कृष्णधवल चित्रपट. दरवर्षी ११ फेब्रुवारी, म्हणजे पहिल्या दर्शनाचा दिवस, जवळ आला की कुठे ना कुठे तो दाखवला जातो आणि मग तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. शेवटही सांगून टाकला आहे, पण गोष्ट इतिहासातली आहे, तिच्यात लपवण्यासारखं फारसं नाही.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

सुबिरू कुटुंब एके काळी पिठाची गिरणी चालवत होतं. धंदा बुडाला आणि सहा माणसं गावातल्या जुन्या, वापरात नसलेल्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत येऊन पडली. थोरली मुलगी बर्नाडेट दम्याने बेजार, शाळेत मागे. एक दिवस बहीण आणि मैत्रीण यांच्याबरोबर ती मासाबिएलच्या कपारीजवळ सरपण गोळा करायला जाते. पाणी बर्फासारखं थंड, म्हणून दोघी ओढा ओलांडून पुढे जातात आणि ही मागे राहते. पायमोजे काढत असताना वाऱ्याची सळसळ होते, ती वर बघते आणि कपारीत पांढऱ्या वस्त्रातली तरुण स्त्री उभी असते.

इथून पुढे सगळं गाव या मुलीच्या मागे लागतं. आई-वडील मार देतात, पोलीस धमकावतात, फादर झिडकारतात, डॉक्टर तपासतात आणि भाविक पाया पडायला येतात. शेवटी ती दूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात, जाते आणि तिथेच आजाराने मरते.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

बर्नाडेट सुबिरू खरी. जन्म ७ जानेवारी १८४४, मृत्यू १६ एप्रिल १८७९, वय पस्तीस. ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात तिने सांगितलेली अठरा दर्शनं, २५ फेब्रुवारीला तिने उकरलेल्या चिखलातून वाहू लागलेला झरा, सरकारने गुहेला घातलेलं कुंपण आणि काही महिन्यांनी सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने निघालेलं ते कुंपण, हे सगळं नोंदलेलं आहे. तार्बच्या बिशपांनी चौकशी समिती नेमली आणि १८६२ मध्ये दर्शनं विश्वासार्ह असल्याचा निर्णय दिला. ८ डिसेंबर १९३३ रोजी रोममध्ये तिला संतपद मिळालं.

तिने जे पाहिलं ते काय होतं, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर या पानावर मिळणार नाही, आणि माझ्या मते चित्रपटातही मिळत नाही. तो फक्त मिळाल्यासारखं दाखवतो.

चित्रपटात एवढ्या चौकश्या का आहेत? अर्धा वेळ नुसती उलटतपासणीच चालते.

कारण खरा चित्रपट तोच आहे. लोक तो चमत्कारांचा म्हणून बघायला बसतात आणि समोर चालते ती एका मुलीची साक्ष. पोलीस अधिकारी झाकोमे, सरकारी वकील दुतूर, मोठे फादर पेरामाल, डॉक्टर दोझू आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर: प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत बसून तिला एकच विचारतो. खोटं बोलतेस, की वेड लागलंय, की कुणी पढवलंय? ती दर वेळी तेवढंच सांगते. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

प्रत्यक्षातल्या चौकश्या तर चित्रपटापेक्षा सरस आहेत. झाकोमेने २१ फेब्रुवारीला तिला बोलावून जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवताना मुद्दाम तपशील फिरवले. बिथरेल, स्वतःचंच बोलणं खोडेल, असा डाव. ती दर वेळी थांबवून म्हणे, नाही साहेब, तुम्ही सगळं बदललंत. त्या वेळी तिला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं.

दुतूरच्या घरची भेट त्याहून भारी. चौकशी लांबली आणि बरोबर आलेली आई उभी राहून राहून कोसळायला आली. तेव्हा यजमानांना आठवलं की घरात खुर्च्या आहेत. बसा, म्हणाले. बर्नाडेट म्हणाली, नको, आमच्याने खुर्च्या मळतील. आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. पुढे ती सांगत असे की वकीलसाहेबांचा हात इतका कापत होता की टाक दौतीच्या तोंडात जाईना. गरिबाच्या पोरीला कचेरीत कसं वागवतात हे ज्याने बघितलंय त्याला या प्रसंगाची फोड करून सांगायला नको.

या कुटुंबाला पोलिसांची धास्ती होती त्याला कारणही होतं. आदल्याच वर्षी वडील फ्रान्स्वा यांना पीठ चोरल्याच्या संशयावरून धरलं होतं आणि आठवडाभर कोठडीत ठेवून सोडलं होतं. गरीब आहे म्हणजे चोर असणारच, एवढाच पुरावा.

लोक तिला विश्वास बसेल असा पुरावा मागत राहिले तेव्हा तिचं उत्तर असे: तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे दिलंय, पटवायचं नाही. या एका वाक्यावर अख्खा चित्रपट उभा आहे असं मला वाटतं. बर्नाडेट झालेल्या जेनिफर जोन्सचा अभिनयही त्याच चालीचा आहे. ती कुणाला जिंकायला बघतच नाही.

जाता जाता एक गोष्ट. बर्नाडेटच्या आईची भूमिका करणारी ॲन रिव्हिअर आणि डॉक्टर दोझू झालेला ली जे. कॉब, दोघांनाही काही वर्षांनी अमेरिकन संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीपुढे खऱ्याखुऱ्या चौकशीला बसावं लागलं. तिने १९५१ मध्ये उत्तरं द्यायला नकार दिला आणि जवळजवळ वीस वर्षं तिला चित्रपटात काम मिळालं नाही. त्याने १९५३ मध्ये नावं सांगितली आणि त्याचं काम सुरू राहिलं. हे ठाऊक असलं की आईचे प्रसंग जरा वेगळे दिसू लागतात.

चित्रपटाने इतिहासात काय काय बदललंय?

बरंच. मोठे बदल सांगतो.

चित्रपटातली सिस्टर वोझू लूर्दच्या शाळेत तिची बाई असते आणि तिथूनच तिचा राग धरते. खऱ्या मारी तेरेझ वोझू लूर्दला तिला शिकवायला नव्हत्या. दोघींची गाठ पडली ती १८६६ नंतर, नव्हेरच्या कॉन्व्हेंटमध्ये, जिथे वोझू नवीन मुलींना घडवण्याचं काम बघत.

गिरणीवाला तरुण आंत्वान निकोलो खरा होता. दुसऱ्या दर्शनाच्या वेळी भान हरपलेल्या बर्नाडेटला त्याने गुहेपासून उचलून नेलं होतं. त्याचं तिच्यावरचं मूक प्रेम मात्र कथेतलं. हॉलिवूडला नायक लागतोच.

दुतूर चित्रपटात पक्का नास्तिक आहे, पहिल्यापासून सर्दीने हैराण, नाकाला रुमाल. शेवटी घशाच्या कर्करोगाने खंगलेला तो गुहेच्या फाटकाशी येतो आणि माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणतो. व्हिन्सेंट प्राइसने हे सुरेख केलंय. खरा दुतूर मात्र चर्चला जाणारा कॅथलिक होता. मला हा बदल सगळ्यात जास्त खटकतो. श्रद्धावान माणसानेच तिला खोटं ठरवायचा प्रयत्न केला, हे सत्य जास्त टोचणारं होतं. चित्रपटाने त्याला नास्तिक करून सोय पाहिली.

फादर पेरामाल तिच्या मृत्युशय्येशी येतात, शेवटचं बोलणंही त्यांच्याच तोंडी आहे. प्रत्यक्षात ते तिच्या दीड वर्ष आधी, १८७७ मध्ये वारले होते.

आणि कॉन्व्हेंटमध्ये जायचं तिच्यावर लादलं गेलं असा चित्रपटाचा सूर आहे. खरी बर्नाडेट लूर्दमध्येच नव्हेरच्या सिस्टरांच्या रुग्णालयात काही वर्षं राहिली, शिकली, आजाऱ्यांची सेवा केली आणि मग स्वतः अर्ज केला. दर्शनाला येणाऱ्या गर्दीचा तिला कंटाळा आला होता, हेही त्यात आहे. १८६६ च्या जुलैमध्ये ती नव्हेरला गेली ती पुन्हा लूर्दला कधी आली नाही.

सिस्टर वोझू खरंच इतकी कडक होती का?

कडक होती, आणि तिला शंका होती हेही खरं. चित्रपटातला तिचा मोठा प्रसंग अनेकांना सगळ्यात जास्त आठवतो. मी आयुष्यभर उपास केले, शरीराला यातना दिल्या, रात्ररात्र जागले. मग देवाने मला सोडून या अडाणी पोरीला का निवडावं? ग्लॅडिस कूपर हे बोलते तेव्हा तिचे डोळे बघावेत. हा मत्सर खालच्या पातळीचा नाही. ज्याने ज्याने नेमाने काही केलं आणि फळ शेजाऱ्याच्या पदरात पडलेलं पाहिलं, त्याला तो आतून ओळखीचा आहे.

मग बर्नाडेट गुडघा दाखवते. हाडाच्या क्षयाने सडलेला. महिनोन् महिने ती अवाक्षर न काढता फरशी पुसत होती. वोझू चॅपलमध्ये जाऊन गुडघे टेकते.

इतिहासात असा हृदयपालट नाही. वोझू पुढे त्या संघाच्या प्रमुख झाल्या आणि बर्नाडेटला संत ठरवण्याचा विषय निघाला की, मी मरेपर्यंत थांबा, म्हणत. त्या १९०७ मध्ये वारल्या, आणि प्रक्रिया सुरू झाली १९०८ मध्ये.

बर्नाडेटला स्वतःचं माहात्म्य कुणी गायलेलं खपत नसे. केरसुणीने काम झालं की काय करतात, दाराआड ठेवतात, तसं माझं, असं ती म्हणायची. कॉन्व्हेंटमध्ये कुणी विचारलं इथे काय काम करतेस, तर उत्तर ठरलेलं: आजारी पडायचं काम.

पडद्यावर दिसणारी 'बाई' कोण आहे? आणि ती दाखवायला हवी होती का?

लिंडा डार्नेल. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. त्या काळी ती मादक भूमिकांसाठी ओळखली जायची, त्यामुळे कुजबूज झालीच.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नको होती. ती दिसताक्षणी प्रेक्षकाचा निर्णय झालेला असतो. नंतरचे सगळे शंकेखोर मूर्ख किंवा दुष्ट वाटू लागतात, कारण आपण 'बघितलेलं' असतं. गावकऱ्यांना तर रिकामी कपार आणि गुडघ्यावर बसलेली एक पोरगी एवढंच दिसत होतं. ज्या प्रसंगांत दिग्दर्शक हेन्री किंग कॅमेरा फक्त मुलीच्या चेहऱ्यावर ठेवतो, ते आजही अंगावर येतात. जिथे प्रकाशाचं वलय आणि गायकवृंद सुरू होतो, तिथे मी तरी चहाला उठतो.

शिवाय खऱ्या बर्नाडेटचं वर्णन याहून विलक्षण होतं. तिने पहिल्यांदा कोणाचंही नाव घेतलं नाही. ती येशूची आई मरिया आहे असंही म्हणाली नाही. 'ते' दिसलं, एवढंच म्हणे. तिने सांगितलेली आकृती लहानखुरी, जवळपास तिच्याच उंचीची. खरी बर्नाडेट मोठेपणीही १ मीटर ४० सेंटिमीटरच होती. पांढरा झगा, निळा कमरपट्टा, दोन्ही पावलांवर पिवळं गुलाब, हातात जपमाळ. कृष्णधवल चित्रपटात निळा आणि पिवळा आपणच मनाने भरायचा. आणि त्या बाईने तिच्याशी अहो-जाहोने बोलून, पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का, असं विचारलं. गावात तिला असं कुणी बोलत नव्हतं.

'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे काय? त्यावर एवढा गदारोळ का होतो?

पेरामाल तिला म्हणाले होते, त्या बाईला नाव विचार, आणि या हिवाळ्यात कपारीतलं रानगुलाबाचं झुडूप फुलवून दाखव म्हणावं. झुडूप काही फुललं नाही. २५ मार्चला मात्र नाव मिळालं: मी निष्कलंक गर्भसंभव आहे. वाक्य तिच्या गावच्या बोलीत होतं. विसरू नये म्हणून ती वाटभर ते घोकत फादरांच्या घरी पोहोचली आणि धाडकन म्हणून मोकळी झाली. फादर हादरले.

हादरले, कारण हा धर्मशास्त्रातला शब्द होता. येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, याच्याशी त्याचा घोळ बरेच जण घालतात, तसं नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या उदरात आली तेव्हापासूनच आदिपापापासून, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतः घेऊन येतो त्या पापापासून, मुक्त होती, असा त्याचा अर्थ. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ ला, म्हणजे दर्शनांच्या चारच वर्षं आधी, हा सिद्धान्त अधिकृत केला होता. ख्रिस्तशरीर संस्काराच्या शिकवणीतही मागे पडलेल्या पोरीच्या तोंडी तो यावा, हे पेरामालना पटण्यासारखं नव्हतं, आणि पुढे तेच त्यांना पटण्याचं कारण ठरलं. शंका घेणारे म्हणतात, चार वर्षांत प्रवचनांतून कानावर पडला असेल. तेही अशक्य नाही.

लेखक ज्यू होता म्हणतात, ते खरं का?

खरं. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट काढला तिचा लेखक फ्रान्झ वेर्फेल, जन्म प्रागचा, १८९०. नाझींपासून पळत १९४० च्या उन्हाळ्यात तो आणि त्याची पत्नी आल्मा (संगीतकार गुस्ताव माहलरची विधवा) फ्रान्सभर भटकत होते. फ्रान्स पडलं होतं, सरहद्दी बंद, खिशात पुरेसे कागद नाहीत. सगळीकडून धक्के खात ते लूर्दला पोहोचले आणि काही आठवडे तिथे लपून राहिले. तिथे त्याने बर्नाडेटची कहाणी ऐकली, झऱ्याचं पाणी प्याला आणि मनोमन बोलला: यातून सुटून अमेरिकेला पोहोचलो तर हिचं गाणं गाईन.

पुढे जर्मन लेखक हाइन्रिख मानबरोबर पिरेनीज डोंगर पायी ओलांडून ही मंडळी स्पेनमध्ये उतरली आणि लिस्बनहून जहाजाने न्यूयॉर्कला गेली. वेर्फेलने नवस फेडला. कादंबरी १९४१ मध्ये आली आणि अमेरिकेत तुफान खपली. रचना जपमाळेसारखी आहे: पाच भाग, प्रत्येकात दहा प्रकरणं. प्रस्तावनेत त्याने आपण कॅथलिक नसून ज्यू असल्याचं स्पष्ट लिहिलंय. १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचं निधन झालं.

चित्रीकरण लूर्दलाच झालं का?

१९४३ मध्ये फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होतं. गाव, गुहा, नदी, सगळं कॅलिफोर्नियात उभं केलं. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर त्यालाच मिळालं.

जेनिफर जोन्सचा हा पहिला चित्रपट होता का?

पडद्यावर तसंच सांगितलं गेलं. खरं तर फिलिस आयली या आपल्या मूळ नावाने तिने १९३९ मध्ये जॉन वेनच्या एका वेस्टर्नमध्ये आणि एका साहसमालिकेत काम केलं होतं. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने तिचं नाव बदललं, करार केला आणि या भूमिकेसाठी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला तिला उसनं दिलं. ती तेव्हा चोवीस वर्षांची, विवाहित आणि दोन मुलांची आई होती. जाहिरातीत या गोष्टींची वाच्यता टाळली गेली. पुढे १९४९ मध्ये तिने सेल्झनिकशीच लग्न केलं.

चाचणीचा किस्सा प्रसिद्ध आहे. कॅमेऱ्यामागे एक काठी धरून उमेदवार मुलींना सांगितलं होतं, ही ती बाई समजा. बाकीच्यांनी काठीकडे पाहिलं; हिला काहीतरी दिसलं.

किती ऑस्कर मिळाली?

बारा नामांकनं, चार पुरस्कार: अभिनेत्री, कृष्णधवल छायाचित्रण (आर्थर मिलर), कृष्णधवल कलादिग्दर्शन आणि संगीत (आल्फ्रेड न्यूमन). जोन्सला पुरस्कार मिळाला तो दिवस २ मार्च १९४४, तिचा पंचविसावा वाढदिवस. तिने इन्ग्रिड बर्गमनला मागे टाकलं होतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर 'कॅसाब्लांका'ला गेलं. गोल्डन ग्लोब त्याच वर्षी सुरू झाले आणि त्यांचा पहिलावहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र हाच.

संगीत स्त्राविन्स्कीचं होतं का?

नाही, पण या रशियन संगीतकाराशी बोलणी झाली होती. दर्शनाच्या प्रसंगासाठी त्याने काही रचलंही होतं. व्यवहार फिसकटला आणि ते संगीत त्याच्या 'सिम्फनी इन थ्री मूव्हमेंट्स'च्या मधल्या भागात गेलं. एकदा ऐकून बघा. न्यूमनच्या संगीताइतकं गोड नाही, हीच त्याची खुबी.

झऱ्याच्या पाण्याने रोग बरे होतात का?

चर्चची भूमिका आपल्याला वाटते त्यापेक्षा सावध आहे. लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, तिथे बरं झाल्याचे दावे तपासले जातात. हजारो दाव्यांपैकी आजवर सत्तरच्या आसपासच प्रकरणांना चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली. दीडशेहून अधिक वर्षांत एवढीच.

चित्रपटात शेजारणीचं मरणाला टेकलेलं मूल आई झऱ्यात बुडवते तो प्रसंग खऱ्या घटनेवरचा आहे. ते मूल, जुस्तॅं बुओर, जगलं. इतकं की १९३३ मध्ये बर्नाडेटला संतपद देण्याच्या सोहळ्याला तो म्हातारा रोममध्ये हजर होता.

बर्नाडेटला स्वतःला मात्र त्या पाण्याने काही गुण आला नाही. तो झरा माझ्यासाठी नाही, असं ती म्हणायची. दम्यावर उपचारासाठी तिला कोतरे नावाच्या गावच्या गरम झऱ्यांवर पाठवलं होतं. पैसेही घेतले नाहीत. श्रीमंत भाविकांनी हातात नाणी कोंबली तर ती परत करायची आणि घरच्यांनाही घेऊ द्यायची नाही. जुन्या तुरुंगात राहणारं ते कुटुंब होतं, हे विसरू नये.

तिचं शरीर अजून जसंच्या तसं आहे, हे चित्रपटात का नाही?

चित्रपट तिच्या मृत्यूशी थांबतो. १९०९, १९१९ आणि १९२५ मध्ये शवपेटी उघडून देह तपासला, तेव्हा तो बऱ्यापैकी टिकलेला आढळला. १९२५ पासून तो नव्हेरच्या चॅपलमध्ये काचेच्या पेटीत आहे. फोटोत जो नितळ चेहरा दिसतो तो मेणाचा पातळ मुखवटा आहे. हातांवरही मेण आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात ही ओळ नेमकी गळलेली असते.

मी देव मानत नाही. तरी बघू का?

बघा. सुरुवातीलाच एक पाटी येते: जे देव मानतात त्यांना खुलासा लागत नाही, जे मानत नाहीत त्यांना तो देता येत नाही. ही पाटी मला मुळीच आवडत नाही. भांडण सुरू व्हायच्या आधीच दार लावून घेतल्यासारखी आहे ती. पण पाटी गेली की आत भांडण जोरात चालतं. नगराध्यक्षाला रेल्वे गावात यायची काळजी, गावात वेडाचार चालतो अशी बदनामी नको म्हणून तो गुहा बंद करायला उत्सुक. आणि त्याच गर्दीत पैसा आहे हे कळताच तोच माणूस पाणी विकायचे बेत करतो. देवस्थान कसं तयार होतं याचा इतका मिश्कील धडा भक्तिपटात सहसा मिळत नाही. पेरामाल झालेला चार्ल्स बिकफर्डही बघण्यासारखा आहे. त्याचा अविश्वास ढोंगी नाही आणि त्याचं वळणंही एका रात्रीत होत नाही.

केवढा मोठा आहे? मुलांना दाखवता येईल का?

१५६ मिनिटं, आणि चाल संथ. मध्यंतर स्वतःच घ्या. गुहेला कुंपण पडतं तिथे बरोबर जमतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना चालेल. कॉन्व्हेंटमधला शेवटचा भाग आजाराचा आहे, लहानांना जड जाईल.

आपल्याकडे लूर्दचा काही संबंध आहे का?

वसई, मुंबई आणि गोव्यातल्या बऱ्याच चर्चच्या आवारात दगडांची कपार करून आत निळ्या कमरपट्ट्याची मूर्ती उभी केलेली दिसते, पुढे बर्नाडेट गुडघ्यावर. ती लूर्दचीच प्रतिकृती. मालाडच्या ऑर्लेमचं चर्च लूर्दमातेच्याच नावाने आहे. वांद्र्याची मोतमाउली वेगळी, तिचा लूर्दशी संबंध नाही. ही गल्लत नेहमी होते. ११ फेब्रुवारी हा कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्यांचा जागतिक दिवस म्हणूनही पाळला जातो, १९९३ पासून.

मूर्तीबद्दल एक गंमत. मूळ गुहेतली मूर्ती शिल्पकार फाबिशने १८६४ मध्ये बर्नाडेटला विचारून विचारून केली. बसवल्यावर तिला दाखवली तर तिला ती पसंत पडली नाही. म्हणजे आज जगभर ज्या मूर्तीच्या नकला आहेत, ती बघणारणीच्या मते तशी नव्हतीच.

हा आवडला तर पुढे काय बघू?

प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पुन्हा बघा, या वेळी आवलीवर नजर ठेवून. दामले-फत्तेलालांनी चमत्कार दाखवलेच आहेत, पण शेजारी चूल, म्हैस आणि उपाशी पोरं घेऊन आवली खमकी उभी आहे, आणि गौरीने ती केली आहे अशी की विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबाइतकीच ती लक्षात राहते. बर्नाडेटच्या घरात अशी एक आवली हवी होती असं सारखं वाटतं.

आणि सत्यजित राय यांचा 'देवी' (१९६०). तिथे साक्षात्कार सासऱ्याला स्वप्नात होतो आणि देवी व्हावं लागतं सुनेला. शर्मिला टागोर तेव्हा शाळकरी वयाची होती. लूर्दच्या मुलीला निदान 'मला दिसलं' असं म्हणता येत होतं. दयामयीला कुणी विचारतही नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघू नका, मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या.

कादंबरी आधी वाचू की चित्रपट आधी बघू?

चित्रपट आधी. कादंबरी मोठी आहे आणि तिच्यात गावातली इतकी माणसं येतात की चेहरे आधी डोळ्यांसमोर असले तर बरं पडतं. इतिहासच हवा असेल तर कादंबरीवर विसंबू नका, वेर्फेलनेही हवं तिथे कल्पना वापरली आहे. चौकश्यांचे मूळ कागद अभ्यासकांनी छापून काढलेले आहेत. फ्रेंच येत असेल तर त्यातली झाकोमेची टिपणं आधी काढा.